चोपन्न ठोके

लेक: हात पुढे करा, बाबा.

बाबा: नाही.

लेक: लहान मुलासारखं काय करताय? घड्याळ काढून द्या. सहा वाजून गेले, मला सायकलवर बसायचंय.

बाबा: चार रात्री तूच येऊन माझ्या मनगटावर बांधलंस. आता मला त्याची सवय लागलीय. देत नाही.

लेक: चेष्टा पुरे.

बाबा: चेष्टा नाही करत, ठमे. काल तू बाथरूममध्ये स्टुलावर अर्धा तास बसून होतीस. दात वाजत होते तुझे. दाराबाहेर ऐकू येत होते मला.

लेक: साडेतीन तास सायकल मारून आल्यावर कुणालाही थंडी वाजते.

बाबा: आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण? "बाबा, हे जरा घट्ट बसलंय." एका बोटाने फिरलं ते. एकाहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या बोटाने.

लेक: थोडी कणकण आहे, बास.

बाबा: एकशे दोनला कणकण म्हणतात?

लेक: तुम्ही थर्मामीटर बघितलात?

बाबा: बेसिनवर टाकून गेलीस. बटण दाबलं की मागचा आकडा दाखवतो तो. दिवसभर लोकांच्या घरी जाऊन दंडाला पट्ट्या बांधतेस, रक्ताचे नमुने घेतेस. स्वतःचं एकदा काढायचं सुचलं नाही?

लेक: काढलं. परवा.

बाबा: मग?

लेक: पांढऱ्या पेशी वाढल्यात.

बाबा: बऱ्याच?

लेक: बऱ्याच. रिपोर्ट ड्रॉवरमध्ये आहे, टेपांच्या खाली. तुमची दृष्टी तिथपर्यंत जाणार नाही असं वाटलं होतं.

बाबा: शिंप्याच्या घरात टेपाखाली लपवतेस! बस. खाली बस आधी. भिंतीला धरून उभी आहेस तू.

लेक: बसले तर परत उठवणार नाही.

बाबा: तेच म्हणतोय मी.

लेक: बाबा, तीन आठवडे राहिलेत हो. अकरा महिने पहाटे चारला उठले. तलावाच्या गार पाण्यात उतरले, माणसं वेडी म्हणायची. चार किलोमीटर पोहायचं, एकशे ऐंशी सायकल, त्यावर बेचाळीस धावायचं, सगळं एका दिवसात. बेचाळिसाव्या वर्षी मी हे करणार म्हणाले तेव्हा हसला नाहीत असे तुम्ही एकटे. आणि आता एवढ्याशा तापाने मागे फिरू?

बाबा: दुखणं अंगावर काढून पुढे गेलीस तर कुठे पोचशील?

लेक: सराव घेणाऱ्या मॅडमचा नियम तुम्हाला माहीत आहे. घड्याळात सकाळचे हृदयाचे ठोके दहाने वाढलेले दिसले की सराव बंद. ठोके दिसलेच नाहीत, तरी बंद. माझे बावन्न असतात. त्या दिवशी एकाहत्तर होते. म्हणून तर...

बाबा: म्हणून म्हाताऱ्याला बांधलंस. आणि म्हाताऱ्याचे निघाले चोपन्न. चाळीस वर्षं पायमशीन चालवलंय, उगाच नाही.

लेक: तेव्हा किती खूश झाला होतात तुम्ही! पेढेच वाटायचे बाकी होते.

बाबा: झालो होतो. मला वाटलं, एक-दोन दिवसांत ताप उतरेल, कुणाला कळणार नाही, तुझं काम होईल. पण ती बाई तिकडे दुसऱ्या गावात बसून फोनवर माझे चोपन्न बघते. म्हणते, वा, गडी ताजातवाना आहे, एक तास वाढवा. परवा वाढवला, काल वाढवला. उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं मी. आपण तर तिला शेळीसुद्धा दुसरीच दाखवतोय.

लेक: हसवू नका. छातीत दुखतं.

बाबा: कुठे?

लेक: कुठे नाही.

बाबा: ठमे, कुठे?

लेक: इथे. हसलं की. जिना चढलं की.

बाबा: कधीपासून?

लेक: काल.

बाबा: जन्मभर मापं घेतली मी. एकाचं माप घेऊन दुसऱ्याचा कपडा कधी बेतला नाही. आणि बेतला तो नेमका तुझा.

लेक: तुम्हाला थांबवायचंच होतं, तर घड्याळ बांधून घेतलंत कशाला? पहिल्याच रात्री नाही म्हणायचं.

बाबा: नाही म्हणता आलं नाही.

लेक: तुम्हाला? माझ्या शाळेच्या वेळी तर बरं जमायचं. "मुलीस छातीचा त्रास आहे, तरी तिला मैदानावर पळवू नये, ही विनंती." दर वर्षी शाळा सुरू झाली की एक चिठ्ठी. दहावीपर्यंत. सगळा वर्ग पळायचा आणि मी बाकावर बसून पोरींच्या बाटल्या राखायची. माझी धाप सातवीतच थांबली होती, बाबा. चिठ्ठी काही थांबली नाही.

बाबा: माहीत आहे.

लेक: काय माहीत आहे?

बाबा: थांबली होती ते.

लेक: तुम्हाला माहीत होतं?

बाबा: दोनदा शाळेतून निरोप आला होता, पोरीला धाप लागलीय, घेऊन जा. शटर ओढून धावलो. दुसऱ्या वेळी दुकानात शंभर गणवेशांचं कापड पसरलेलं, दोन गिऱ्हाइकं ट्रायलला उभी, एकाच्या खांद्याला टाचण्या तशाच. परत आलो तेव्हा सगळे निघून गेलेले. त्या दिवशी ठरवलं, पोरगी बाकावर बसलेली बरी. पहिल्या दोन चिठ्ठ्या काळजीने लिहिल्या मी. पुढच्या माझ्या सोयीने.

लेक: हे मला आज सांगताय?

बाबा: तापात आहेस, ओरडायचं त्राण नसेल, असा हिशेब केला.

लेक: ओरडणार आहे. बरी झाले की ओरडणार आहे.

बाबा: ओरड. मी वाट बघेन. त्या रात्री तू घड्याळ घेऊन आलीस, तोंड एवढंसं झालेलं, आणि माझ्या जिभेवर आलंही होतं, नको जाऊस म्हणून. मग वाटलं, तू म्हणशील, झालं, लिहिली बाबांनी आणखी एक चिठ्ठी. परत तोच बाप व्हायचं नव्हतं मला. म्हणून मुकाट्याने हात पुढे केला. ती चूक आणि ही चूक, दोन्ही माझ्याच पदरात.

(लेक भिंतीला टेकून जमिनीवर बसते.)

बाबा: घे. हे तुझं घड्याळ. तूच बांध. जायचं असेल तर जा, मी दार अडवणार नाही. फक्त आकडा तुझा जाऊ दे.

(फोन वाजतो. लेक तो उचलून स्पीकर लावते.)

प्रशिक्षक: काय गं, आजचा आकडा आला नाही अजून? कालचे चोपन्न बघून मी बाकीच्यांना तुझा आलेख दाखवला. म्हटलं, शिका काहीतरी हिच्याकडून. बरं ऐक, आज चारऐवजी पाच तास कर. शेवटचा मोठा सराव, मग हळूहळू कमी करत आणू. ऐकतेस ना?

लेक: हो, मॅडम. ऐकतेय.

प्रशिक्षक: आवाज का असा?

लेक: बाबा, तुम्ही सांगा ना.

बाबा: मी चिठ्ठी लिहिणार नाही. तुझं तू सांग. जे सांगशील ते.

प्रशिक्षक: कसली चिठ्ठी? काय चाललंय?

लेक: मॅडम, ते चोपन्न माझे नाहीत.

प्रशिक्षक: म्हणजे?

लेक: बाबांचे आहेत. चार दिवसांपासून. मला ताप आहे, एकशे दोन. रक्तात पांढऱ्या पेशी वाढल्यात. कालपासून छातीत दुखतंय.

प्रशिक्षक: थांब. चार दिवस? म्हणजे परवाचा डोंगराचा रस्ता तू तापात केलास? कालचे साडेतीन तास? मी वाढवले गं ते. मी वाढवले!

लेक: तुमची चूक नाही, मॅडम.

प्रशिक्षक: कुणाची आहे ते नंतर बघू. अंगात ताप असताना अशी मेहनत केली तर ती हृदयावर बेतते. एक मुलगा बघितलाय मी असा. दोन वर्षं लागली त्याला जिना चढायला. काका आहेत ना तिथे?

बाबा: आहे, बोला.

प्रशिक्षक: घड्याळावर माझा विश्वास नाही आता, तुमच्या घरातल्या तर नाहीच. तिच्या मनगटावर बोटं ठेवा आणि मोजा. पूर्ण एक मिनिट.

बाबा: ठेवली. तिकडे भिंतीकडे बघ, ठमे. आणि बोलू नकोस, मी चुकतो.

लेक: ...

बाबा: एकशे आठ.

प्रशिक्षक: बसलेली आहे?

बाबा: जमिनीवर. भिंतीला टेकून.

प्रशिक्षक: आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. ईसीजी काढायला सांगा, ताप आणि सराव दोन्ही सांगा, काही लपवू नका. आणि तू, ऐक. तीन आठवड्यांनी तू पाण्यात उतरत नाहीस.

लेक: बरं.

प्रशिक्षक: त्याच्या पुढच्या स्पर्धेचं आज बोलायचं नाही. रागावलेय मी खूप. डॉक्टर काय म्हणाले ते मला फोन करून सांग. स्वतः बोल, संदेश नको. ठेवते.

बाबा: भली बाई आहे.

लेक: रडत होती शेवटी.

बाबा: हं. रिक्षाला फोन करतो. चादर घेऊ का बरोबर?

लेक: दोन मिनिटं थांबा. अकरा महिने, बाबा.

बाबा: हो गं.

लेक: फार वाईट वाटतंय मला.

बाबा: वाटणारच. मलाही वाटतंय.

लेक: पुढच्या वर्षीसुद्धा नाही म्हणाले तर?

बाबा: तर आपण दोघं बसून रडू. आज एवढंच कळतंय मला.

लेक: तुमची बोटं किती गार आहेत.

बाबा: तू तापलीयस.

लेक: झालं ना मोजून? सोडा की हात.

बाबा: मोजत नाहीये.