दातात धरलेली पहार

सडबरी या खाणींच्या गावातल्या दवाखान्यात कान तपासून घ्यायला आलेले दोन म्हातारे खाणकामगार माझ्या शेजारी बसले होते. दोघेही बहिरे, एकमेकांच्या ओठांकडे बघत ओरडून बोलत होते.

"रेइनो, स्फोटात तुझे दोन्ही पडदे फाटले. तुला काय ऐकू येणार, कपाळ!"

"पडदे फाटले, पण आतली नस शाबूत आहे. मागच्या खेपेला तपासणाऱ्या बाईंनी कानामागच्या हाडावर यंत्र टेकवलं, तर स्वच्छ ऐकू आलं मला."

"बरं, मग?"

"मग घरी तळघरात गेलो. तिथं खाली नुसता कातळ आहे, थेट आपल्या खाणीपर्यंत. पहारीचं एक टोक कातळावर टेकवलं, दुसरं दातात धरलं."

"उरलेत तेवढे दात तरी जप!"

"फेर्नां, खालून तीन ठोके आले. थांबून पुन्हा तीन."

"पाण्याचा पंप असेल."

"पंप बंद करून ऐकलं. कातळातून आवाज हवेपेक्षा कितीतरी लांबून येतो."

"अरे, खाण बंद होऊन तीस वर्षं झाली."

"छत कोसळल्यावर तिघांना आत सोडून आपण वर आलो, त्यालाही तीसच."

"हळू बोल."

"अडकलेल्यांनी माणशी एक ठोका द्यायचा, हाच ना आपला नियम?"

"हो. आणि ऐकणाऱ्यानं तितकेच परत द्यायचे. तू दिलेस?"

"पहिल्याच ठोक्याला हातोडी सटकली रे. एकच दिला."

"एकच? गाढवा, एक म्हणजे मी एकटा अडकलोय!"

"ते मला आज सकाळी कळलं."

"का? आज काय झालं?"

"आज खालून चार ठोके आले."