एफ-बाराचा शॉर्टकट

लिनक्समधलं आपल्याला सगळं कळतं, हा माझा माज सिन्नरच्या मामांनी एका दुपारात उतरवला. मामा कारखान्यात पत्रा दाबून कापणारी प्रेस मशीन चालवून रिटायर झालेले. नव्या कामगारांना शिकवायचं काम मिळालं, म्हणून नोट्स टाइप करत होते. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून मी लिनक्स टाकलं. स्क्रीन अडकलीच तर उघड्या प्रोग्रामसकट सगळा डिस्प्ले बंद होऊन पुन्हा सुरू व्हावा, असा शॉर्टकटही दिला. एकाच बटणावर, एफ-बारावर!

तिसऱ्या पानावर मामा बॅकस्पेस दाबायला गेले आणि बोट वरच्या एफ-बारावर पडलं. स्क्रीन काळी. सेव्ह न केलेली तिन्ही पानं गेली.

मला वाटलं, आता शिव्या बसणार. मामा शांतपणे म्हणाले, "आमच्या प्रेसला दोन बटणं राहतात. दोन्ही हात लावले तरच ती खाली येते. तू हे एका बोटावर ठेवलं?"

"तुम्हाला सोपं जावं म्हणून, मामा."

त्यांनी डावा हात समोर धरला. तीनच बोटं. "आमच्याकडं पण आधी एकच बटण होतं. लय सोपं होतं."

मी लगेच शॉर्टकट बदलला, दोन्ही हात लागतील असा. मामांनी दोन्ही हातांनी दाबून पाहिला, मान डोलावली आणि खुर्ची पुढे ओढली.

"बरं झालं पानं गेली. पहिलं पान आता या दोन बटणांवरच लिहितो."