सरांच्या आवाजाची वर्तुळं

दाढ सुजल्यामुळे आजीबाईंचं तोंड बंद होतं, कान मात्र उघडे. दातांच्या दवाखान्यात शेजारीच डिझाइन शिकवणारे एक सर आपल्या थोरल्या बहिणीपुढे गाऱ्हाणं मांडत होते.

"ताई, पोरांना म्हटलं, महिनाभर कशाचीही नोंद ठेवा आणि बोट लावताच बोलेल असं तिचं स्क्रीनवर चित्र करा."

"मग?"

"एका पोरीनं माझं ओरडणंच नोंदवलं! जेवढा आवाज मोठा, तेवढं वर्तुळ मोठं. बोट लावलं की माझ्याच आवाजात खेकसतं."

"अगंबाई! तू काय केलंस?"

"ओरडलो."

"आणि ती?"

"तिनं तिथल्या तिथं नवं वर्तुळ वाढवलं."

"मार्क?"

"पैकीच्या पैकी! कमी दिले तर कारण सांगावं लागतं, आणि कारण सांगताना माझा आवाज चढतो."

"हळू. आत्ताही चढलाय."

"कुठे चढलाय?"

आजीबाईंनी मुकाट्यानं दोन्ही हातांनी हवेत भलंमोठं वर्तुळ काढलं.