आईची दुभाषी

आईनं हे कोणाला सांगू नको म्हटलं होतं, कारण यात अब्रू माझीच जाते. तरी सांगते.

आदिलाबादच्या बाजारात आमचं भाजीचं दुकान आहे. आईनं पदवीसाठी अर्ज केला. कामाचा अनुभव पटवून दिला, तर तिला एका विषयाचे क्रेडिट मिळणार होते. मुलाखत तेलुगूत होती. बाजारातली तेलुगू तिथे चालणार नाही, असं आईला वाटलं. शाळेत तेलुगूत माझा पहिला नंबर, म्हणून तिनं मला सोबत नेलं.

मुलाखत घेणाऱ्या सरांनी आईला विचारलं, "दुकानात तुम्ही नेमकं काय करता?"

मला प्रश्न कळला, उत्तरही येत होतं, पण तोंड उघडेना. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले.

"काऊन गप बसली वं?" आई कुजबुजली आणि स्वतःच सुरू झाली. किडकं वांगं कसं ओळखायचं, चिडलेलं गिऱ्हाईक कसं परत आणायचं, सगळं तेलुगूत. सरांनी हसत क्रेडिट लिहिले. मग माझ्याकडे बोट दाखवलं, "आणि ही कोण?"

"माझी दुभाषी," आईनं तेलुगूतच सांगितलं.

आता अनुभवासाठी ती मला रोज दुकानात बसवते. माझी भीती पार गेली आहे. कालच मी एका बाईंशी तेलुगूत चक्क...

"अवं दुभाषी! कांद्याच्या पोत्यामागून निघ, गिऱ्हाईक आलं!"