कुंदाच्या तांदळाबद्दल मी बोलले ते

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मला बोलायला सांगितलंत, पण कुंदाबद्दल बोलणं मला सोपं नाही. ती माझी शेजारीण, माझी मैत्रीण. आणि मी कित्येक वर्षं तिच्यावर जळत होते.

सरकारी दवाखान्यासमोरचं जेवण कुंदानं सुरू केलं, असं आत्ता सगळे म्हणाले. खरं तर आम्ही दोघींनी केलं. ती करंजा गावची, कोळ्याची लेक. एका दुपारी दारात येऊन म्हणाली, "ताई, पेशंटची मानसं फाटकाशी उपाशी बसलीत. आपुन भात लावू." पेशंटला आत जेवण मिळायचं. बरोबरच्यांना कोण देणार? मग भात तिचा, आमटी माझी.

आमटी माझी चांगली व्हायची. पण नाव कुणाचं? "कुंदाताईंकडे जेवलो." पेपरवाला आला, त्यानं फोटो काढला. मी तिच्या शेजारीच उभी होते. छापून आला तेव्हा त्यात माझा नुसता कोपर. हसलात तरी चालेल. मी मात्र त्या दिवशी जेवले नाही.

लोक तिच्याशीच का बोलायचे? ती त्यांच्या ताटाशी बसायची. कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा ताप उतरला, सगळं विचारायची. मलाही विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.

मग मी जायचं बंद केलं. आणि आणखी एक केलं. मगनशेठ, तुम्ही समोर बसलाय. तांदळाची पोती तुम्ही द्यायचात. तुमच्या दुकानात येऊन मी म्हणाले होते, "शेठ, सगळा तांदूळ दवाखान्यावर जात नाही. थोडा करंज्याला, तिच्या माहेरीही जातो." तुम्ही तिला काही विचारलं नाहीत. पोती तेवढी बंद केलीत.

शेठ, ते खोटं होतं. आज सगळ्यांसमोर सांगते. खोटं होतं.

दोन महिने कुंदानं भाताऐवजी पेज वाटली. मी रस्त्यापलीकडून बघायचे. लोक पुन्हा वाटी पुढे करायचे, आणि ती म्हणायची, "आज एवराच हाय रं." मला वाटलं होतं, आता लोक तिला नावं ठेवतील. कुणी ठेवली नाहीत. तेव्हाही मला तिचा हेवाच वाटला.

शेवटी मला ते बघवेना. आमटीचं पातेलं घेऊन गेले. तिनं सरकून जागा दिली, बस.

गेल्या महिन्यात ती अंथरुणाला खिळली, तेव्हा मी सांगायला गेले. "कुंदा, तुझा तांदूळ माझ्यामुळे..." तिनं मधेच थांबवलं.

"ठाव हाय मना. शेठच्या बायकोनं तवाच सांगितला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलली असती, तर तू आमटी घेऊन आली असतीस?"

याचाही मला हेवा वाटतो. तिच्या जागी मी असते तर गावभर बोलले असते. मघाशी हा भरलेला हॉल पाहिला, दारात उभे राहिलेले रिक्षावाले पाहिले, आणि मनात आलं, मी गेले तर इतके येतील का? तिच्या फोटोसमोर बसून हे मनात आलं. अशी आहे मी.

आता दोन मिनिटं उभे राहू या. मगनशेठ, तुम्हीही या पुढे.

कुंदा, तुझ्या माहेरी एक दाणाही गेला नव्हता. तुला माझा नमस्कार.