सेवकराम सर आणि जुना गोंद

अध्यक्षस्थानी विराजमान असलेले आमच्या आयटीआयचे प्राचार्य ईश्वर साहेब, गोसीखुर्दहून मुद्दाम आलेल्या मासेमार संस्थेच्या अध्यक्षा यशोदाबाई, आज निवृत्त होणारे आमचे सेवकराम सर, आणि दारापाशी उभं राहून जेवणाचा अंदाज घेणाऱ्या विद्यार्थी मित्रांनो, सर्वांना नमस्कार. मी रीना. फ्रिज-एसीचं काम सरांजवळ शिकले. शहापूरला माझं दुरुस्तीचं दुकान आहे.

सर सांगायचे, कोल्ड रूमच्या फोमच्या भिंतीला लागून पाइप जोडायचा असेल, तर तिथे ज्योत नेऊ नका, आग लागेल. गोंदानं जोडा, म्हणजे धातू चिकटवणाऱ्या इपॉक्सीनं. पाइप घासा, पुसा, आणि मग त्याला बोट लावाल तर खबरदार! आम्ही हसायचो. पाइपला कुठं सोवळं असतं का हो?

नऊ वर्षांपूर्वी यशोदाबाईंच्या संस्थेची कोल्ड रूम बंद पडली. माझं पहिलंच मोठं काम. गोंद सरांनीच दिलेला. मी पाइप घासून पुसून ठेवला, तेवढ्यात बाया मासोळीचे क्रेट बाहेर काढू लागल्या. मला राहवलं नाही, मीही चार क्रेट उचलले. हात ओढणीला पुसले आणि जोड बसवला. तिसऱ्या दिवशी जोड सुटला, गॅस उडाला, सगळी मासोळी खराब झाली.

"हिले काहून बलावलं? नागपूरचा मिस्त्री आना!" जो तो हेच म्हणू लागला. माझं दुकान सुरू होण्याआधीच बसणार होतं. सर आले. सुटलेल्या जोडावर माझ्या बोटांचे ठसे त्यांना स्पष्ट दिसले. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि यशोदाबाईंना म्हणाले, "बाई, म्या देल्ला तो गोंदच जुना होता. चूक माही हाय. पोरीले काही म्हणू नका."

आणि मी? गप्प बसले. सरांनी तो जोड माझ्याच हातून पुन्हा करून घेतला, तो आजही टिकून आहे. पण तेव्हापासून यशोदाबाई भेटल्या की विचारतात, "काय गुरुजी, गोंद ताजा हाय ना?" आणि सर आपले हसतात. नऊ वर्षं!

सर, तुम्ही मला फार जीव लावला. आता डोळे वटारू नका, मी बोलणारच. यशोदाबाई, गोंद ताजाच होता. माझ्या हाताला मासोळीचं तेल होतं.

मला बोलू दिलंत, सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर सांभाळून घ्या. त्या मासोळीची माफी मात्र मी यशोदाबाईंच्या पाया पडून मागते. आत्ताच, सरांसमोर.