छेदातली बेरीज

(पोलादपूरजवळची वाडी. पडवीत गणिताची वही उघडून बसलेला किशोर, त्याला शिकवणारी त्याची बायको स्नेहल आणि पावटे सोलत बसलेली त्याची आई राहीबाई.)

किशोर : वर एक. खाली एक्सचा ऋण एक घात अधिक वायचा ऋण एक घात. दोघांना उचलून वर ठेवलं, एक्स अधिक वाय. झालं.

स्नेहल : नाही झालं. खाली गुणाकार असता तर चाललं असतं. इथे मध्ये अधिक आहे.

किशोर : काल तूच सांगितलंस, छेदातून अंशात.

स्नेहल : काल सगळे गुणाकार होते. बरं, दोन्हीकडे दोन धरा. दोनचा ऋण एक घात किती?

किशोर : उणे दोन.

स्नेहल : अहो, ऋण घातानं संख्या उणे होत नाही, उलटी होते.

किशोर : म्हणजे अर्धा.

स्नेहल : अर्धा नि अर्धा?

किशोर : एक. एक भागिले एक, एकच. आणि माझं उत्तर चार येतंय.

स्नेहल : म्हणून आधी खालची बेरीज. समान छेद करा.

किशोर : एक्स अधिक वाय, छेद एक्सवाय. आता ते अख्खं उलटं. एक्सवाय छेद एक्स अधिक वाय. दोन टाकले तर चार छेद चार... एक. आलं गं.

राहीबाई : दर येळंला ह्यातच आपटत होतास काय रे?

किशोर : ह्यातच, आये. गणित सुटत नाय म्हणून डिप्लोमा नाय, डिप्लोमा नाय म्हणून कंपनीत सुपरवायझर करत नायत. मास्तरांनी असं कधी सांगितलंच नाय.

स्नेहल : सांगितलं असेल. तुम्ही मागच्या बाकावर असाल.

किशोर : असेन. त्या पोलादपूरच्या क्लासवाल्या सरांचा परत फोन आला होता, तू शिकवायला येशील का म्हणून. गणिताला अजून कोण मिळालं नाय त्यांना.

स्नेहल : तो विषय संपलाय. पुढचं उदाहरण घ्या.

राहीबाई : मी नको बोलले म्हणून संपला ना?

स्नेहल : आई, तुमचे गुडघे दुखतात. म्हैस, पाणी, एकट्या कशा कराल? मला राग नाही.

राहीबाई : राग नाय, म्हाईत हाय. तू बोलतच नायस गो. घरात आल्यापासून नुसतं हो आई, बरं आई. आज पयल्यांदा मोठ्यानं आयकली तुला.

स्नेहल : चुकलं का काही?

राहीबाई : चुकला तो. क्लास किती वाजता असतो रे?

किशोर : संध्याकाळी, पाचला.

राहीबाई : म्हशीचं मी बघीन. पाणी तू भर.

किशोर : मी ड्युटीवरनं येतो कधी, आये...

राहीबाई : येशील तेवा भर.

स्नेहल : आई, खरंच जाऊ?

राहीबाई : पुढचं सांग त्याला. मी आयकते हाय.